तेलाच्या डब्याची भट्टी

माझे वडील मुंबईला एका बेकरीत भट्टीवर होते. भट्टीवर म्हणजे पाव, बटर, नानकटाई भाजून बाहेर काढण्याच्या कामावर. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीत, ते घरी यायचे. आले की दोन दिवस त्यांच्या कपड्यांना भाजलेल्या मैद्याचा वास असायचा. मग हळूहळू तो आमच्या घरच्या धुराच्या, शेणामातीच्या वासात विरून जायचा आणि मला वाटायचं, आता हे आपले झाले. तोवर त्यांची जायची वेळ आलेली असायची. मी सातवीत असताना ते कायमचे परत आले. तेव्हा मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मला अवघडल्यासारखं झालं. आमच्या पडवीत एक मोठा माणूस येऊन बसला होता आणि घरातली कुठली वस्तू कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

आमची वाडी कापडे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. खाली ओढ्यालगत भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, त्यामुळे घरात मी आणि आई दोघीच. नांगराला चुलते यायचे, बाकी सगळं आई बघायची. कुठल्या खाचरात कुठलं भात टाकायचं, म्हैस रेड्याला कधी दाखवायची, कौलं कधी शाकारायची, हे ती ठरवायची आणि कुणाला विचारायची सवय तिला राहिली नव्हती. विचारणार तरी कुणाला? बाबा आले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला मदत करायचा प्रयत्न केला. विळा कुठं हाय, म्हणून विचारलं. आईने मान वर न करता सांगितलं, "आढ्याला." ते आढ्याकडे बघत उभे राहिले. शेवटी मीच जाऊन विळा काढून दिला. पेंढा आणायला म्हणून ते निघाले आणि बांध चढता चढता मध्येच बसले. खोकला सुरू झाला की तो लवकर थांबत नसे. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मानेच्या शिरा ताठ व्हायच्या.

महाडच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. इतकी वर्षं भट्टीपुढे आणि पिठात काढली, त्याने छाती धरली आहे. आता पीठ उडतं तिथे थांबायचं नाही, धुरात बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "काम बंद म्हणतो." आई म्हणाली, "मग बंद." त्यावर दोघांचं बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. ते पहाटे, बेकरीच्या वेळेला, उठून बसायचे. आईची भाकरी थापायची चाहूल लागली की पडवीतून उठून अंगणात जायचे, कारण पीठ. घरात जेवण पिठाशिवाय होत नाही, म्हणून जेवण व्हायच्या वेळी ते नेहमी घराबाहेर असायचे.

भट्टीचं त्यांच्या मनात कधी आलं ते मला माहीत नाही. एका बाजारच्या दिवशी ते एसटीने पोलादपूरला गेले आणि दुपार कलल्यावर तेलाचा चौकोनी रिकामा डबा दोरीने पाठीला बांधून वाडीची चढण चढताना मला दिसले. दर वळणावर ते दगडावर बसत होते. दुसऱ्या हातात सायकलच्या जुन्या तारांची जुडी होती. मी डबा घ्यायला धावले.

"कशाला आणलात?"

"तुला नानकटाई आवडती का गो?"

"आवडती."

"मग धर."

डबा त्यांनी अंगणात आडवा ठेवला. समोरची बाजू तीन अंगांनी कापून तिचं दार केलं आणि दाराला तारेची कडी लावली. दोन्ही कुशींना समोरासमोर खिळ्याने भोकं पाडून सायकलच्या तारा आरपार ओवल्या आणि त्यांची जाळी तयार झाली. पत्रा कापताना ते बोलत नसत, पण त्यांचे हात बघण्यासारखे होते. पडवीत मांडीवर नुसते पडून असायचे ते हे हात नव्हते. मला त्यांनी ओढ्याची वाळू आणायला लावली. ती डब्याच्या तळाशी पसरली, म्हणजे आच थेट लागायची नाही. मग चिखलात भाताचा तूस कालवून मी तो पायांनी तुडवला आणि आम्ही दोघांनी मिळून डब्याच्या पाठीला आणि कुशींना त्याचा जाड लेप दिला. वरच्या बाजूला चिखलाचाच काठ उभा केला, त्यात निखारे राहावेत म्हणून. खाली दगडांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये निखाऱ्यांना जागा. आई विहिरीवरून आली, हंडा उतरवला, आणि अंगणातला तो चिखलाचा बोजा बघून तिने विचारलं, "हे काय?"

"भट्टी," मी म्हणाले.

आई बाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ज्या पिठानं छाती खाल्ली, ते परत दारात आणलंत." बाबा लेपावर हात फिरवत राहिले. ती आत गेली.

पहिला घाणा फुकट गेला. नानकटाई खालून काळी आणि वरून कच्ची झालीच, शिवाय डब्याचा सांधा सुटला. दुकानातल्या डब्यांचे सांधे शिशाचा डाग देऊन जोडलेले असतात. निखाऱ्यांची आच लागली आणि तो डाग वितळून वाळूत टपटप थेंब पडले. बाबांनी ती सगळी नानकटाई खड्ड्यात पुरायला लावली. कोंबड्यांनासुद्धा घालू दिली नाही. मला रडू आलं. साखर आणि डालडा आमच्या घरी रोज येणारी चीज नव्हती. ते मात्र खूश दिसत होते. वाळलेला लेप फोडून त्यांनी डबा मोकळा केला, सांध्याच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडल्या आणि पहारीवर ठेवून हातोड्याने हळूहळू ठोकत आणल्या. डागाचं काम दुमडीनेच झालं. परत चिखल, परत तूस. या वेळी निखारे खाली थोडे आणि वर जास्त.

पीठ मी कालवायचे. अंगणाच्या पार टोकाला, फणसाखाली माझी जागा, आणि बाबा दुसऱ्या टोकाला, वारा येईल त्या बाजूला, नाकाला पंचा बांधून बसलेले. तिथून ते मला सांगत. डालडा आणि साखर आधी फेसून घे, हात एकाच दिशेनं फिरव, पांढरं झालं की मैदा. मळू नको, नुसतं गोळा कर. मळलंस तर खुसखुशीत व्हायची नाय. भट्टी तयार झाली का हे बघायला ते वर्तमानपत्राचा कपटा आत ठेवायला लावत. कपटा करपला तर आच जास्त. सावकाश बदामी झाला तर घाणा आत. मग दार लावून मी उभी राहायचे आणि ते लांबून विचारायचे, "वास आला?" वासाच्या बाबतीत ते माझ्यावर विसंबून असत, कारण पंचा सोडायची त्यांना मुभा नव्हती. पण दार उघडलं की ते उठून जवळ येत, रंग बघत आणि हाताने खूण करून सांगत: काढ, किंवा राहू दे.

त्या महिन्यांत मला वडील मिळाले, असं मी आज म्हणू शकते. घाणा आत असताना दुसरं काही करण्यासारखं नसे, म्हणून ते बोलायचे. बेकरीतली लांब दांड्याची लाकडी फळी, जिच्यावरून पाव आत सरकवायचे. उन्हाळ्यात भट्टीपुढे ओली गोणपाटं अंगावर घेणारी माणसं. सकाळी पाव न्यायला येणारा एक म्हातारा, जो रोज कालचाच पाव मागायचा, कारण त्याच्या दातांना तो चालायचा. आता माझी सून महाडच्या आमच्या घरी विजेच्या ओव्हनमध्ये केक करते. आकडा लावते, घंटी वाजते, केक होतो. केक चांगला होतो, मला आवडतो. फक्त घंटी वाजेपर्यंत ती मोबाईल बघत असते, आणि कधी कधी मला वाटतं की तिच्या शेजारी जाऊन बसावं. पण तिला सकाळच्या पाळीचा डबा भरायचा असतो. माझा मुलगा एमआयडीसीत आहे, कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन थांबलेली असते. प्रत्येक घराची आपली घाई असते.

आमच्या नानकटाईची बातमी कापड्याच्या शाळेत पोचली ती माझ्याचमुळे. मी डब्यातून न्यायचे. पंधरा ऑगस्ट जवळ आला तेव्हा गुरुजींनी मला बोलावून विचारलं, झेंडावंदनानंतर मुलांना वाटायला तुझे वडील नानकटाई करून देतील का? मैदा, साखर, डालडा शाळेकडून. मी घरी पळत आले. बाबांनी मला ते परत सांगायला लावलं. गुरुजी नेमकं काय म्हणाले, कसं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दाढी केली.

चौदा तारखेला आम्हाला शाळेत प्रभातफेरीच्या तालमीसाठी थांबवून घेतलं होतं. पाऊस धरलेला होता. अंगण चिखलाने भरलेलं, म्हणून भट्टी पडवीच्या वळचणीला ओढून घेतलेली. आई खाली खाचरात बेणणीला, तण काढायला गेली होती. मी येईपर्यंत पीठ तयार असावं, एवढंच बाबांच्या मनात होतं. मैद्यात गुठळ्या झाल्या होत्या आणि बाहेर पावसात चाळणं शक्य नव्हतं. त्यांनी घरात बसून, दार लोटून, तो सगळा मैदा चाळला.

मी वाडीच्या वाटेला लागले तेव्हा समोरून चुलते आणि वाडीतले गडी घोंगडीची डोली करून खाली येत होते. आई डोलीच्या बाजूने चालत होती, पदर कमरेला खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. तिने एका हाताने बाबांच्या तोंडावर पाऊस लागू नये म्हणून इरलं धरलं होतं. बाबांचे ओठ निळे पडले होते आणि केसांवर, भुवयांवर मैदा होता. पावसाने त्याची खळ झाली होती. मी आईच्या मागून चालायला लागले तर ती म्हणाली, "घरी जा गो. म्हशीचं बघ." कापड्याला जीप मिळाली आणि त्यांना महाडला नेलं. मी घरी आले. चाळलेल्या मैद्याचा ढीग परातीत तसाच होता, मधोमध चाळणी ठेवलेली. मी म्हशीला पेंढा टाकला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून घर सारवून काढलं, कोपऱ्याकोपऱ्यातून, पिठाचा कण राहू नये म्हणून.

बाबा वाचले. पण दवाखान्यातून आलेला माणूस निम्मा झाला होता. ते यायच्या आधीच आईने भट्टी उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकली होती. तिचा लेप ठिकठिकाणी फुटला आणि आत कोंबडी अंड्यावर बसू लागली. आईने त्याबद्दल काही सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. ते पडवीत बसायचे. गणपती येऊन गेले, भातं पिवळी पडली, कापणी झाली, झोडणी झाली. ते त्याच जागी. मी शाळेतून येऊन काहीबाही सांगायचे, तर ते हूं म्हणायचे, आणि काही दिवसांनी हूं म्हणणंही राहिलं. ताटातला भात अर्धा टाकून उठायचे. चुलते बोलवायला आले तर झोपल्याचं सोंग करायचे. आई शेतातून येता-जाता त्यांच्याकडे बघायची आणि आत जायची. मला तेव्हा आईचा राग यायचा. वाटायचं, हिला काहीच कसं वाटत नाही.

त्या वर्षी नाचणी चांगली झाली होती. ती मळून, पाखडून झाल्यावर एका रविवारी मी उठून बाहेर आले तर आई अंगणात भट्टी घासत बसली होती. कोंबडीला हुसकून लावलं होतं आणि फुटक्या जागी तिने नवा लेपही दिला होता, तो कालचाच असावा, कारण बराच सुकला होता. राखेने दार घासताना पत्र्याचा करकर आवाज होत होता. पडवीतून बाबा बघत होते. मग ते बोलले.

"काय करतीस?"

"घासतेय. दिसत नाय?"

"कशाला?"

"भाजायचं हाय."

"मैदा नाय घरात."

"मैदा कुणाला पायजे? नाचणीची करायची."

"नाचणीची नानकटाई कुणी ऐकली नाय."

"आता ऐका," आई म्हणाली.

ती गोठ्यात गेली आणि परात घेऊन आली. परातीवर ओलं फडकं होतं. बाबा लगेच मागे सरकले, हात नाकाकडे गेला. आई परात घेऊन तशीच उभी राहिली. "काल चाळलीय, गोठ्याच्या मागं, वाऱ्याच्या खाली. भाजून घेतलीय. तूप आन गूळ लावूनच आणलीय. आता उडत नाय. बघा हात लावून."

बाबांनी बघितलं नाही. आईने परात त्यांच्यासमोर पायरीवर ठेवली आणि स्वतः खाली अंगणात उकिडवी बसली. आईला त्यांच्यासमोर अशी बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ती कायम कुठेतरी जाता जाता उभी असायची.

"तूप बरोबर झालं का नाय ते मला कळंना," ती म्हणाली. "सांगा."

बाबांनी परातीकडे बघितलं. मग पंचा काढून नाकाला बांधला, आणि तोही जरा वेळाने सैल केला. "मुठीत दाब," ते म्हणाले. "दाबून मूठ उघड." आईने मूठ दाबून उघडली. गोळा तळहातावर फुटून मोकळा झाला.

"कमी हाय. अजून घाल."

"किती?"

"हळूहळू घाल. गोळा राह्यला की थांब."

आईने तुपाचं भांडं आणलं. दर वेळी ती थोडं तूप सोडायची, मूठ दाबायची आणि हात त्यांच्यापुढे धरायची. चौथ्या-पाचव्यांदा गोळा राहिला. बाबा पायरीवरून खाली उतरले होते. कधी उतरले ते माझ्याही लक्षात आलं नाही. निखारे मी आणले, कपटा मी ठेवला, तो बदामी झाला, आणि घाणा आत गेला. मग एक अडचण बाबांच्या लक्षात आली.

"मी रंगावर काढतो," ते म्हणाले. "हिचा रंग आधीच तपकिरी. झाली का नाय ते कळायचं कसं?"

"वासावर," आई म्हणाली. "कच्ची नाचणी येगळा वास मारती, भाजली की येगळा. रोज भाकरी भाजते मी. मी सांगते."

"मग तू सांग, मी काढतो."

दोघं भट्टीच्या दोन बाजूंना बसली. बाबा वाऱ्याकडच्या बाजूला, आई समोर, डोळे मिटून, वास घेत. "अजून नाय," ती म्हणायची. बाबा हात कडीवर ठेवून थांबायचे. "अजून नाय." मी मध्येच काहीतरी विचारलं तर दोघांनीही ऐकलं नाही. मी हंडा घेतला आणि विहिरीवर गेले. परत आले तेव्हा सुपावर फडकं घालून त्यावर नाचणीची नानकटाई मांडली होती. काठाला चिरा पडलेली, दिसायला शेणीसारखी. बाबा एक तोडून बघत होते आणि म्हणत होते की पुढच्या खेपेला गूळ बारीक किसायला हवा. आई ऐकत होती.

पुढच्या खेपा झाल्या. पुढच्या वर्षीपासून दिवाळीत वाडीतल्या बायका आपापलं पीठ कालवून, तूप लावून आमच्या अंगणात घेऊन यायच्या, आणि बाबा पायरीवर बसून प्रत्येकीची मूठ उघडायला लावायचे. डबा गंजून गेला की नवा आणून आम्ही तशीच भट्टी परत करायचो. माझ्या लग्नातले लाडू मांडव उतरल्यावर विसरले गेले, पण नानकटाईची आठवण सासरची माणसं बरीच वर्षं काढत होती. बाबांची छाती बरी झाली नाही. पण ते त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि घरात कुणाला तरी काहीतरी सांगतच जगले.

ते गेल्यावर आई काही वर्षं वाडीवर एकटी राहिली, मग मी तिला महाडला आणलं. एका दुपारी आम्ही दोघी पावटे सोलत बसलो होतो. मी तिला विचारलं, भट्टी गोठ्यात तूच टाकलीस, मग परत तूच का काढलीस? इतक्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. आईने दोन-तीन शेंगा सोलल्या आणि मग बोलली.

"तू शाळंत जायाचीस, मी शेतात. त्यांना दिवसभर कोण काय इचारत नव्हतं. नुसतं ताट वाढायचं आन ताट उचलायचं. पिठानं मेले नसते तर बसून बसून मेले असते. मंग मी इचारलं."

मी म्हणाले, "पण तूप खरंच कमी पडलं होतं."

"तूप किती लागतं ते मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "तू फणसाखाली कालवायचीस तवा मी येता-जाता बघायची की."

तिने सोललेल्या पावट्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हे उचल आता. पोरगा पाळीवरनं येईल, उसळ टाकू."